मदत हवी आहे: विम्याच्या गर्दीत कॉम्प्युटरवरचा वेळ कसा वाचवायचा?

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जुलै उजाडला की पीक विम्याची रांग लागते. सातबारा, आठ-अ, पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, सगळं एकाच बैठकीत. नेटवर ‘५० शॉर्टकट’ छापाच्या याद्या ढिगानं आहेत, पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना त्यातलं एकही आठवत नाही. तुम्ही स्वतः रोज वापरता तेवढंच सांगा.

मोठी डोकेदुखी एक्सेलची. बचत गटाच्या बायकांची यादी करून दिली, तर बँकेतून परत आली. काही खाते नंबरांचा शेवटचा आकडा शून्य झालाय, काहींच्या सुरुवातीची शून्यं गायब, आणि आधारच्या जागी मधे ‘ई’ असलेलं काहीतरी भलतंच दिसतंय. दुसरं म्हणजे मराठी टायपिंग. जुने अर्जाचे नमुने कृतिदेव फॉन्टमधले आहेत, पोर्टलवर पेस्ट केले की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. शिवाय ‘शेतकऱ्यांच्या’ लिहायला गेलं की ‘शेतकर्यांच्या’ उमटतं. फोटोची साइज कमी करण्यातही फार वेळ जातो. लाईटचं तर विचारूच नका.

विंडोज १० आहे, मशीन सेकंडहँड.

बालाघाट:
एक्सेलचं आधी सांगतो, कारण तिथं पैशाचा मामला आहे. एक्सेल कुठलाही आकडा पहिल्या १५ अंकांपर्यंतच खरा धरतो, पुढच्या जागी शून्य टाकतो. खातं १६ आकडी असलं की शेवटचा अंक गेलाच. सुरुवातीची शून्यं तो किंमत नाही म्हणून उडवतो. उपाय एकच: नंबर टाकायच्या आधी अख्खा कॉलम सिलेक्ट करा, कंट्रोल आणि १ दाबा, ‘टेक्स्ट’ निवडा, मग टायपिंगला बसा. दोनचारच नंबर असतील तर नंबराच्या आधी वरचा एकेरी स्वल्पविराम (') द्या, तो छापून येत नाही.

आधारचे १२ च अंक असतात, त्यामुळं आत ते शाबूत आहेत. फक्त दिसतात वाकडे. तिथं ‘नंबर’ फॉरमॅट देऊन दशांश शून्य करा, सरळ दिसतील. पण खात्याचा जो अंक शून्य झाला तो नंतर फॉरमॅट बदलून परत येत नाही. पासबुक समोर ठेवून पुन्हाच टाकावा लागेल. अंदाजानं तर अजिबात भरू नका.

गोदाकाठ:
टायपिंगबद्दल. कृतिदेव, श्रीलिपी हे जुने फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरंच साठवतात, वर फक्त मराठी चेहरा असतो. नमुने एकदाच कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं मराठीच दिसणाऱ्या अक्षरांत, काढून घ्या आणि नजरेखालून घाला, कारण जोडाक्षरं हटकून बिघडतात. मग विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड येतोच, आणि २०१९ नंतरच्या अपडेटमध्ये ‘मराठी फोनेटिक’ही आहे. विंडोज आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

इन्स्क्रिप्टमध्ये साधा र ‘जे’वर आहे, शिफ्ट धरून ‘जे’ दाबला की ऱ मिळतो. त्यानंतर ‘डी’वरचा हलन्त आणि मग य. झाला ऱ्य! सातबारा काढणाऱ्याला एवढं एक आलं तरी पुरे.

तेरणा:
तुमच्या कामाला सगळ्यात उपयोगी म्हणजे विंडोज आणि व्ही ही बटणं एकत्र. पहिल्यांदा दाबल्यावर ‘टर्न ऑन’ विचारेल, हो म्हणा. मग कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी समोर येतात. गावाचं नाव, तालुका, पिनकोड, आयएफएससी हे ‘पिन’ करून ठेवा. मशीन बंद करून चालू केलं तरी राहतात. मी दिवसभर तेच करूलालो.

पण एक जपा. लोकांचे आधार आणि खाते नंबरही त्याच यादीत पडून राहतात. दुकानात दहा जण स्क्रीनकडं बघत असतात. दुपारी नि संध्याकाळी ‘क्लिअर ऑल’ करत जा, पिन केलेलं जात नाही.

फोटोला पेंट पुरतं. आधी क्रॉप करा, नुसतं लहान करू नका, कारण भिंत नि टेबल यांचेही केबी लागतात. मग कंट्रोल आणि डब्ल्यू, पिक्सेल कमी करा, जेपीजीमध्ये सेव्ह करा. कागद स्कॅन करताना ग्रेस्केल ठेवा, रंगीत कशाला?

मांजराकाठ:
@बालाघाट, मग तर पंचवीस पासबुकं परत गोळा करणं आलं. @तेरणा, पिनचं आत्ताच करून बघितलं, लई भारी! लाईटचं कुणी सांगेल का?

बालाघाट:
साधा यूपीएस घ्या, पण त्याच्या बॅटरीच्या सॉकेटवर फक्त सीपीयू, मॉनिटर आणि राउटर. लेझर प्रिंटर कधीच नको. तो तापताना एकदम ओढतो आणि यूपीएस बसतो. वर्ड-एक्सेलमध्ये ऑटोरिकव्हरचा, म्हणजे काम आपोआप जपून ठेवण्याचा, वेळ १० मिनिटं असतो, तो २ करा. ब्राउझर बंद पडला तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबल्यावर टॅब परत येतात, पण पोर्टलवरचा अर्धवट फॉर्म येईलच असं नाही. तिथं ‘सेव्ह ड्राफ्ट’ असेल तर प्रत्येक पानाला दाबायचं.

आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबलेत. लोकांचे खाते नंबर हाताळता, तर त्याचाही विचार आता करा. मशीनचा प्रोसेसर कोणता आहे ते इथं टाका, विंडोज ११ चालेल का बघून सांगतो.

मांजराकाठ:
उद्या दुकान उघडलं की बघून टाकतो.