अनुभव सांगा: सर्व्हे बघून तुमचं मत हललं का?

मी सांगलीची. २०२४ च्या लोकसभेला आमच्याकडे तिरंगी लढत झाली. भाजपचे संजयकाका पाटील, ठाकरे शिवसेनेचे चंद्रहार पाटील आणि लिफाफा चिन्हावर अपक्ष विशाल पाटील. मतदानाआधी एका वाहिनीवर राज्यातल्या ४८ जागांची वाटणी दाखवली, त्यात ‘इतर’पुढं शून्य. पप्पा जेवत होते. हातातला घास तसाच धरून म्हणाले, "म्हणजे अपक्षाला दिलं तर मत कुजणार की गं." महिनाभर ठरवलेलं त्या शून्यानं मोडलं. ७ मे ला त्यांनी दुसरंच बटण दाबलं. ४ जूनला विशाल पाटील लाखभर मतांनी निवडून आले. पप्पांना ती रुखरुख अजून आहे, आणि मला त्या शून्याचा राग आहे. तुमच्या घरात असं झालंय का? पक्षाचा प्रचार नको, स्वतःचं सांगा.

मिरज
टीव्हीपेक्षा मोबाईलनं घात केला. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास वाहिन्यांना कौल दाखवता येत नाहीत. पण आदल्या रात्री साडेअकराला कॉलनीच्या ग्रुपवर ‘ताजा सर्व्हे’ आला. वर वाहिनीचं चिन्ह, खाली आकडे. नीट बघितलं तर वाहिनीच्या नावातच चूक! तोवर तो माझ्या सासूबाईंपर्यंत पोचला होता. सकाळी रांगेत त्या तेच आकडे शेजारणीला सांगत होत्या.

सातारा
२०१९ ला विधानसभेबरोबर आमची लोकसभेची पोटनिवडणूक होती. राज्याचे कौल इतके एकतर्फी की आम्ही चौघं भाऊ म्हणत होतो, निकाल लागल्यातच जमा आहे, कशाला रांगेत उभं राहायचं? १८ ऑक्टोबरला शरद पवार भर पावसात बोलले. मी मैदानात होतो, चपला चिखलात रुतलेल्या, पण हलावंसं वाटेना. २१ तारखेला चौघंही गेलो. उदयनराजे पडले, श्रीनिवास पाटील आले. सर्व्हेनं आमचं मत बदललं नव्हतं, पण चार मतं घरात बसवलीच असती. हा परिणाम कुणी मोजत नाही.

कराड
आमची आई सर्व्हे बघतच नाही. वारं कुणाचं ते तिला भाजी मंडईत कळतं.

तासगाव
मी शिक्षक, निवडणुकीची ड्युटी बऱ्याचदा केलीय. एक्झिट पोल शेवटचा टप्पा संपेपर्यंत दाखवायचा नाही असा कायदा आहे. २०२४ ला ती बंदी १९ एप्रिलपासून १ जूनला संध्याकाळी साडेसहापर्यंत होती, आणि ते योग्यच. कारण ‘येणाऱ्यालाच द्यायचं’ म्हणणारे मतदार मी डोळ्यांनी बघितलेत. एकदा एका आजोबांनी बोटाला शाई लावताना मला हळूच विचारलं, "गुरुजी, टीव्हीवर कोण येतंय म्हणत्यात?" मी म्हटलं, "आजोबा, मला सांगता येत नाही." ते यंत्राकडं गेले. पुठ्ठ्याच्या आडोशाखाली त्यांचे पाय दिसत होते. बराच वेळ बीप वाजलाच नाही.