इंग्रजीतले राउझ (rouse) आणि अराउझ (arouse), मराठीत काय लिहायचं?

इंग्लंडमधली एक जुनी शिकारकथा मराठीत करतेय. त्यात कुत्री झाडीतलं हरीण 'राउझ' करतात. मी लिहिलं 'कुत्र्यांनी हरणाला जागं केलं', पण हरीण झोपलेलं होतं असं गोष्टीत कुठेच नाहीये, त्यामुळे ते वाक्य सारखं खटकतंय. आणि मग अराउझ वेगळं कसं?

रानवाट: तुमचं खटकणं अगदी बरोबर आहे, कारण या शब्दाचा झोपेशी मुळात संबंधच नव्हता. 15व्या शतकात तो ससाण्याबद्दल वापरायचे, पिसं फुलवून अंग झाडणं म्हणजे राउझ. पुढच्या शतकात दडलेलं जनावर बाहेर काढणं हा अर्थ आला आणि झोपेतून उठवणं तर थेट 1590च्या आसपास. बहुतेक फ्रेंचमधून आलाय, पण मूळ पक्कं लागत नाही. आपल्याकडे हाकारे रान उठवतात ना, तेच हे! बिनधास्त 'कुत्र्यांनी हरीण उठवलं' लिहा.

घारू: पिसांचा अर्थ अजून जिवंत आहे बरं का. स्कॉटलंडला ससाणे पाळणाऱ्या एका बाईंकडे बघितलंय, हातमोज्यावर बसलेल्या पक्ष्याने आधी सगळी पिसं उभी केली, एकदम दुप्पट दिसायला लागला, मग डोक्यापासून शेपटीपर्यंत जोरात झटकली आणि परत चापून बसवली. बाई म्हणाल्या, राउझ केलं, म्हणजे आता निवांत आहे. मला हे फार आवडलं, माणसाला खडबडून उठवणारा शब्द आणि पक्ष्याच्या बाबतीत स्वस्थपणाची खूण.

शब्दवेडी: अराउझ हा राउझवरूनच बनवलाय, राइज-अराइज, वेक-अवेक आहेत तसा. आता वापर असा की माणसाला झोपेतून किंवा सुस्तीतून उठवायचं तर राउझ, आणि संशय, कुतूहल, राग वगैरे मनातलं काही असेल तर सहसा अराउझ. त्याला लैंगिक अर्थही आहे त्यामुळे जपून. मराठीत प्रत्येक ठिकाणी 'जागृत करणे' नका हो लिहू, कुतूहल चाळवतं, राग भडकतो, संशय येतो, एवढी क्रियापदं आहेत आपल्याकडे.

सिडनीकर: इकडे ऑस्ट्रेलियात 'राउझ ऑन' म्हणजे एखाद्यावर ओरडणं, आणि मेंढ्यांची लोकर कातरतात त्या शेडमधला हरकाम्या म्हणजे राउझअबाउट. या दोन्हींच्या इकडच्या उच्चारात मात्र स येतो, झ नाही.

(मूळ प्रश्न विचारणारी): 'हरीण उठवलं' केलं, आणि पुढच्याच पानावर ससाणा पिसं झाडतो तिथे मी 'ससाणा दचकला' लिहून बसले होते, तेही आत्ता बदलतेय. खूप आभार सगळ्यांचे.