पाला म्हणजे पालापाचोळा नव्हे: कोकणातून हिवाळ्यात हिमालयात गेलेल्यांचे अनुभव

गेल्या महिन्याभरात चौघांनी मला एकच प्रश्न विचारला, "डिसेंबर-जानेवारीत हिमालयात जायचं म्हणतोय, आपल्याला झेपेल का हो?" चौघंही किनाऱ्यावरचे. घरात मिळून एक स्वेटर, तोही पुण्याच्या मावशीने दिलेला आणि कपाटाच्या तळाशी डांबराच्या गोळीसकट पडलेला. पुण्या-मुंबईकडच्यांनी लिहिलेलं भरपूर वाचायला मिळतं, पण त्यांना निदान थंडी म्हणजे काय ते माहीत असतं. आपण अठरा अंशांना कानटोपी शोधणारी माणसं. म्हणून म्हटलं, आपल्यातलेच जे जाऊन आलेत त्यांना लिहायला लावावं. शिखरं सर करणाऱ्यांना नमस्कार, पण इथे गाडीने फिरणं आणि सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोग्या वाटा, एवढंच. हॉटेलांची नावं नकोत. काय चुकलं ते आधी लिहा. सुरुवात मीच करतो.

रत्नागिरी

मंगला एक्स्प्रेसने निजामुद्दीन, तिथून हरिद्वार, आणि हरिद्वारहून ड्रायव्हरसकट गाडी. पहिल्या दिवशी देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा बघितल्या, पुढे रुद्रप्रयागला मंदाकिनी येऊन मिळते ते बघितलं आणि उखीमठला मुक्काम केला. केदारनाथचं देऊळ हिवाळ्यात बंद असतं, तेव्हा त्याची पूजा या उखीमठात होते. आम्हाला हे तिथे गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी चोपत्याला, म्हणजे तुंगनाथच्या देवळाच्या पायथ्याशी, जायचं होतं. मी सवयीने म्हटलं, सहाला निघू. ड्रायव्हर म्हणाला, "नौ बजे से पहले नहीं साहब, आगे पाला है." आता पाला म्हणजे आपल्या डोक्यात काय येणार? आंबा घाटात पावसाळ्यात रस्त्यावर पानं पडून निसरडं होतं, तसंच काहीतरी. बायको तर म्हणाली, "मग झाडून का नाही घेत?"

साडेनऊला निघालो. एका वळणावर त्याने गाडी थांबवली आणि उतरून बूट रस्त्यावर घासून बघितला. रस्ता मला फक्त ओला दिसत होता. मीही उतरलो, दोन पावलं टाकली आणि सरळ बसलो. पाला म्हणजे दहिवर गोठून झालेलं बर्फ. शिवाय दिवसा वरचं बर्फ वितळून पाणी रस्त्यावरून वाहतं, रात्री तेही गोठतं. थर इतका पातळ असतो की खालचं डांबर दिसतं, म्हणून नुसतं ओलं वाटतं. डोंगराच्या उत्तरेकडच्या अंगाला हिवाळ्यात ऊन पोचत नाही, तिथे तो दुपारपर्यंतही टिकतो. त्याने कडेची माती फावड्याने त्या पट्ट्यावर टाकली आणि पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता गाडी पलीकडे काढली.

तेव्हापासून आमचा नियम: गाडी दहा ते चार. डिसेंबरात तिथे सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो, आपल्यापेक्षा पाऊण तास आधी. इथल्या सवयीने "सहापर्यंत उजेड असतोच की" असं धरून चाललात, तर शेवटची वळणं अंधारात येतात.

एक गोष्ट मात्र आपल्याला आयती येते. श्रावणात शेवाळलेल्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, जसं उतरतो, पाऊल सपाट, ढेंगा छोट्या, अंग किंचित पुढे, तसंच बर्फावर चालायचं. शहरातली पोरं टाच टेकवून चालत होती आणि पडत होती.

कुडाळ (पेशाने परिचारिका)

वरच्यांनी चोपत्यापर्यंत आणून सोडलंय, मी तिथून पुढे नेते.

चोपता सुमारे २,७०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच टोकापेक्षा हजारभर मीटर वर तुम्ही झोपायला जाता, आणि दोन दिवसांपूर्वी तुम्ही खाडीच्या पाण्याच्या पातळीला होतात. हे कागदावर मला माहीत होतं. तरी आम्ही हरिद्वारहून एका दमात वर गेलो, कारण सुट्टी पाचच दिवस होती.

सकाळी तुंगनाथची वाट धरली. साडेतीन किलोमीटर, पूर्ण दगडी फरसबंदी, खालून बघितलं की वाटतं देवळाची पायवाट तर आहे. दिवाळीच्या सुमारास देऊळ बंद होतं आणि देव खाली मक्कूमठला जातो, त्यामुळे वर फक्त बंद दार आणि बर्फ. बुटांना बांधायचे खिळे चोपत्यात भाड्याने मिळतात, घ्याच. निम्म्या वाटेवर माझं डोकं ठणकायला लागलं, मग मळमळ. दुसऱ्याला हे झालं असतं तर मी जागेवरून परत पाठवलं असतं. स्वतःला झाल्यावर पंधरा मिनिटं "उपाशी आहे म्हणून होतंय" अशी समजूत घालत चालत राहिले. शेवटी वाटाड्या पोरगाच म्हणाला, "दीदी, मंदिर कहीं नहीं जाएगा." खाली आले, दोन तासांत बरं वाटलं. बाकीचे तुंगनाथ करून आले, त्यांचे फोटो मी अजून पूर्ण बघितलेले नाहीत.

मला त्रास का झाला असेल ते सांगते. एक तर मधला मुक्काम टाळला. दुसरं, पाणी. आपल्याकडे घाम येतो म्हणून तहान लागते. तिथे घाम दिसतच नाही, थंड पाणी नकोसं वाटतं, आणि अख्ख्या दिवसात मी जेमतेम अर्धा लिटर प्यायले होते.

आणि हे नीट वाचा. रात्री खोलीवाल्याने माया म्हणून कोळशाची पेटती शेगडी आणून ठेवली. सगळे खूश. मी ती बाहेर काढायला लावली, त्यावरून सासूबाईंशी थोडी वादावादीही झाली. बंद खोलीत कोळशाचा वायू साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. दोन रजया जास्त मागा, गरम पाण्याची पिशवी न्या. शेगडी दाराबाहेर.

मालवण

आमचो अनुभव ल्हान आसा. आईने डब्यात सुकट भरून दिली होती, "थय काय गावतला रे तुका?" म्हणून. ऋषिकेशात मासे-मटण विकायला बंदी. धर्मशाळेत बॅग उघडली आणि खोलीतल्या इतर तिघांनी खिडकी उघडली. बाहेर सात अंश. शेवटी ती सुकट गाडीच्या टपावर बांधून तीनशे किलोमीटर फिरवली. खाल्ली कधी? परतीच्या ट्रेनमध्ये, वसईनंतर.

अलिबाग

स्वतःची गाडी घेऊन गेलो, जाऊन-येऊन चार हजार किलोमीटर. पुन्हा जाईन का? जाईन, पण गाडी तिथवर नेणार नाही. चढ-उतारांचं काही नाही, ताम्हिणी-वरंध करणाऱ्याला ते जमतं. त्रास सपाटीवर झाला. डिसेंबरच्या शेवटी राजस्थान सोडल्यापासून धुकं असं, की बोनेटवरचा स्टिकर दिसेना. सकाळी दहापर्यंत ढाब्यावर बसून राहायचं, असे दोन दिवस गेले.

निघण्यापूर्वी मेकॅनिकने रेडिएटरमध्ये काय आहे ते बघितलं, तर नुसतं पाणी. आपल्याकडे वर्षानुवर्षं चालतं तसं. पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिनाच्या ब्लॉकला तडा जाऊ शकतो, त्यामुळे कूलंट भरून घेतलं. काच धुवायचं पाणी मात्र विसरलो, ते टाकीतच गोठलं. पहिल्या रात्री हँडब्रेक ओढून ठेवला, सकाळी चाक हलेना. शेजारच्या टॅक्सीवाल्याने उकळतं पाणी ओतून सोडवलं आणि दोन शिव्या फुकट दिल्या. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली दगड लावायचा. खाऱ्या वाऱ्याने आपल्या गाड्यांची खालची बाजू आधीच खाल्लेली असते आणि बॅटरीची टर्मिनलं पांढरी झालेली असतात. ती घासून घ्या, नाहीतर शून्याखाली सकाळी नुसती कटकट ऐकू येते.

दापोली

कोकणात थंडी नसते असं सरसकट लिहिणाऱ्यांनी जानेवारीत आमच्याकडे पहाटे येऊन दाखवावं. बाकी चालू द्या.

आम्ही कुमाऊँला गेलो होतो: अल्मोडा, बिनसर, कौसानी. टूरवाल्याच्या पत्रकावर गुडघाभर बर्फातलं घर होतं. प्रत्यक्षात अकरा दिवसांत बर्फाचा एक कण पायाखाली आला नाही. भांडलो, पण चूक आमचीही होती. बर्फ काही डिसेंबर उजाडला म्हणून पडत नाही. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांची एखादी फेरी यावी लागते, आणि बिनसरसारख्या अडीच हजार मीटरच्या आतल्या ठिकाणी बऱ्याचदा ती जानेवारी-फेब्रुवारीतच काम करते. बर्फाची खात्री देणाऱ्याला पैसे देऊ नका.

पण बर्फ नाही म्हणजे आभाळ स्वच्छ. बिनसरच्या झीरो पॉइंटची वाट बांज (ओक) आणि बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉन) जंगलातून दोनेक किलोमीटर जाते, चढ नावालाच. वर मनोऱ्यावरून नंदादेवी, त्रिशूळ, पंचाचुली एका रांगेत. मुलगा म्हणाला, "बाबा, हे ढगच आहेत ना?" खरंच तसं वाटतं, कारण आपण शिखर शोधतो क्षितिजाजवळ, आणि ती असतात त्याच्या बरीच वर. मान उचलावी लागते. पाच वाजता ऊन खालच्या दऱ्यांतून निघून गेलं, आमच्या अंगावरून गेलं, आणि नंतर कितीतरी वेळ फक्त त्या रांगेवर होतं.

कौसानीला गांधीजी १९२९ मध्ये राहिले होते, तो आश्रम बघितला. अल्मोड्याची बाल मिठाई घरी पोचेपर्यंत उरली नाही.

देवगड

चोपत्याकडच्या सारी गावात तीन रात्री राहिलो, देवरियाताल या तळ्याकडे याच गावातून जातात. मावशीला सोबत नेलं होतं, वय ६४, हिंदी सिनेमापुरतं.

पहिल्या रात्री घरवालीने भाकरी वाढली. काळपट, कडा फुटलेली. मावशीने तुकडा मोडला आणि माझ्याकडे बघितलं: "ही तर नाचणी." तिथे तिला मंडुवा म्हणतात. मग डाळ आली, गहत म्हणून. एक घास घेतल्यावर मावशी उठून थेट चुलीपाशी गेली, कारण ते कुळीथ होते. भिजवून, वाटून, लोखंडी कढईत आटवतात, त्याला फाणू म्हणतात. कुळीथ उष्ण, म्हणून थंडीत करायचे, हेही तसंच. पुढचे दोन दिवस त्या दोघी चुलीपाशी. एक गढवाली बोलतेय, दुसरी देवगडी, आणि मधे कुळथाची पिठी शिजतेय. मावशीचं एकच दुःख: "आमसूल नाय ह्यांच्याकडे."

मावशीने ट्रंकेतून कोकमतेलाचा गोळा आणला होता, आपल्याकडे टाचांच्या भेगांना लावतात तो. मी हसलो होतो, माझी महागडी क्रीम होती ना. चौथ्या दिवशी माझे ओठ फुटून रक्त आलं आणि मावशीचा गोळा अख्ख्या घरात फिरत होता. खोबरेलाची बाटली मात्र पहिल्या रात्रीच दगड झाली, ते न्यायच्या भानगडीत पडू नका.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. रस्त्यात एका वाडीत थांबलो होतो. वरच्या आळीत सात घरं, पाच कुलपं. एका कुलपावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, पाऊस लागून गंजू नये म्हणून. आमच्या वाडीत अशीच पिशवी बांधतात. घरवाले कुठे विचारलं तर एकजण म्हणाला, दिल्ली, देहरादून. गणपतीला येतात का, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्याला काही कळलं नाही.

गुहागर

फक्त कपड्यांचं लिहितो. सुती बनियन घालू नका. चढताना आत घाम येतो, सुती कपडा तो धरून ठेवतो आणि थांबलात की बर्फाची पट्टी पाठीवर. मी तीन स्वेटर घालून कुडकुडत होतो आणि वाटाड्या एका जाकिटात शीळ घालत होता. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, बाहेर ठेवलेला पन्नास टक्क्यांवरून धाडकन बंद पडतो. आणि रोज सकाळी अंघोळ केलीच पाहिजे हा हट्ट सोडा. माझ्या वडिलांनी सोडला नाही, त्यांना विचारा.

वेंगुर्ला

देवगडच्या मावशींचं वाचून माझ्या आजीचं लिहायलाच हवं. वय ७१, गुडघे कुरकुरतात, पण रोज देवळाच्या पाखाडीला दोनदा चढ-उतार. देवरियातालला साधारण अडीच किलोमीटर चढ आहे. घोडं केलं होतं. आजी घोड्याला बघून म्हणाली, "ह्या माझ्यापेक्षा थकलला दिसता," आणि काठी घेऊन चालायला लागली. अडीच तास लागले, आम्हालाही तेवढेच, कारण तिच्यापुढे जायची कुणाची हिंमत नव्हती. वाटेत डोक्यावर पानांचे भारे घेतलेल्या बायका उतरत होत्या. आजीने एकीला थांबवून भारा हाताने तोलून बघितला. आपल्याकडे शेतात भाजावळीला जाळायला कवळ, म्हणजे पानांच्या डहाळ्या, आणतात, तसाच. फक्त तिथे तो गुरांसाठी असतो.

वर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पाण्यात चौखंबा शिखराचं प्रतिबिंब बघायचं तर सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत. आम्हाला नुसत्या सुरकुत्या दिसल्या. डोंगर मात्र समोर उभाच होता, ७,१३८ मीटर. आजी त्याच्याकडे पाठ करून तळ्याच्या काठावर बसली, बोट बुडवून चाखलं आणि चहावाल्याला मराठीतच विचारलं, "ह्येका भरती येता?"

त्याने हसून दोन चहा पुढे केले.