मदत हवी आहे: स्पिरिच्युअल्स, लोकगीते आणि स्तोत्रे यांतून समूहगानाची निवड

नमस्कार. आमच्या 22 जणांच्या हौशी गायकवृंदासाठी मी वाद्यसाथीविना गायचा सुमारे 40 मिनिटांचा कार्यक्रम बसवत असून रचनांच्या निवडीपाशी अडलो आहे. लोकगीतांची यादी जवळजवळ ठरली आहे. खरा पेच स्पिरिच्युअल्सचा आहे.

अमेरिकेतील गुलामगिरीत जन्मलेली आफ्रिकन-अमेरिकनांची ही धार्मिक गीते फिस्क ज्युबिली सिंगर्स या गायकवृंदाने 1871 पासून दौरे करून मैफिलीच्या मंचावर आणली, आणि पुढे संगीतकार मोझेस होगन यांच्यासारख्यांनी त्यांना जी भरघोस स्वररचना दिली, ती ऐकायला जितकी देखणी तितकीच छोट्या वृंदाला जड जाते. आमच्याकडे टेनर (पुरुषांचा उंच आवाज) दोन आणि बास (सर्वांत खालचा आवाज) चार. परवाच्या तालमीत बासची ओळ दोन स्वरांत विभागली गेली, तेव्हा खालच्या ई-फ्लॅटवर स्वराऐवजी नुसता श्वासच ऐकू आला. त्यामुळे चारच स्वरपंक्तींत बसणारी, तरीही मूळ गीतातील हाक आणि प्रतिसाद (एकाने गायचे, बाकीच्यांनी उत्तर द्यायचे) न गमावणारी स्वररचना कोणती, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.

दुसरी शंका उच्चारांची. छापील प्रतीत बोलीभाषेतील रूपे दिलेली असतात. ती तशीच गायली तर नक्कल वाटण्याची भीती, आणि प्रमाण इंग्रजीत बदलली तर लय मोडते. आपण काय करता?

शिवाय लॅटिन स्तोत्राला लागूनच स्पिरिच्युअल घ्यावे, की मध्ये लोकगीत ठेवावे? मला स्वतःला थेट जोड आवडते, कारण दोन्हींच्या शब्दांमागे बहुधा बायबलच असते.