वरच्या मजल्यावर वायफाय नीट पोहोचत नाही: अ‍ॅक्सेस पॉइंट कुठे आणि कसा बसवावा?

प्रश्न

आमचे घर दुमजली असून इंटरनेटची जोडणी तळमजल्यावरील पुढच्या खोलीत येते. राउटर तेथेच, टीव्हीमागील कपाटात ठेवलेला आहे. वरच्या मजल्यावरील मागच्या खोलीत फोनवर सिग्नलच्या दोन रेघा दिसतात, तरीही वेबपाने उघडत नाहीत आणि व्हिडिओ कॉल सारखा तुटतो. राउटरची प्रक्षेपणशक्ती आधीच ‘हाय’वर आहे. घरात एक जुना पण चालू स्थितीतील राउटर पडून आहे. तो वर अ‍ॅक्सेस पॉइंट (मुख्य राउटरला जोडून वायफाय पसरवणारे दुसरे उपकरण) म्हणून वापरता येईल का, आणि त्यासाठी केबल टाकावीच लागेल की रिपीटर (वायफायचा सिग्नल ऐकून पुन्हा प्रक्षेपित करणारे उपकरण) पुरेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

रेघा दिसूनही पाने उघडत नाहीत, याचे कारण बहुधा असे आहे की राउटरचे म्हणणे फोनपर्यंत पोहोचते, पण फोनचे राउटरपर्यंत पोहोचत नाही. फोनचा प्रक्षेपक राउटरच्या तुलनेत दुबळा असतो आणि राउटरची शक्ती वाढवल्याने त्यात काहीही फरक पडत नाही. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी केवळ ३ डेसिबल (सिग्नलमधील वाढ-घट मोजण्याचे माप) मिळतात, तर मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल जातात; सळयांचा काँक्रीट स्लॅब मध्ये असेल तर विचारायलाच नको.

म्हणून रेघांवर विसंबू नका. फोनमध्ये वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचे एखादे अ‍ॅप घेऊन प्रत्येक खोलीत डीबीएममधील (सिग्नलची ताकद मोजण्याच्या एककातील) आकडा पाहा. तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल बळकट. उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल सुखाने चालतात, उणे ८० च्या पलीकडे जोडणी नावापुरतीच उरते. मात्र मोजण्याआधी राउटर कपाटातून बाहेर काढून शक्य तितका उंच आणि मोकळा ठेवा. टीव्हीचा धातूचा भाग, आरसे, पाण्याची टाकी हे सारे लहरी अडवतात किंवा शोषून घेतात. एवढ्याने काही खोल्यांचा प्रश्न सुटला, तर पुढची योजना आपोआप लहान होईल.

दुसरे उत्तर

केबल टाकणे शक्य असेल तर दुसरा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच रेडिओवर चालणारा रिपीटर माहितीचे प्रत्येक पाकीट (छोटा तुकडा) एकदा ऐकतो आणि पुन्हा प्रक्षेपित करतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यातून लोक तो नेमका सिग्नल नसलेल्या खोलीत ठेवतात. जे त्याला स्वतःलाच धड ऐकू येत नाही, ते तो पुढे काय पाठवणार? रिपीटर वापरायचाच असेल, तर जिथे मूळ सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी ठेवावा.

कॅट ५ई प्रकारची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते, त्यामुळे घरासाठी ती पुरेशी आहे. जुन्या राउटरच्या मेनूमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असल्यास तोच निवडा. नसल्यास तो आधी संगणकाला जोडून त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधील त्याचा क्रमांक) बदला: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या आणि हा पत्ता मुख्य राउटर इतर उपकरणांना वाटणार नाही याची खात्री करा. त्यानंतर जुन्या राउटरचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि मगच मुख्य राउटरकडून आलेली केबल जुन्या राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या जोडणीसाठीच्या) पोर्टमध्ये नव्हे, तर लॅन (घरातील उपकरणांसाठीच्या) पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी चालू राहिले तर दोन्ही राउटर पत्ते वाटू लागतात आणि मग काही उपकरणांना इंटरनेट मिळते, काहींना मिळत नाही, असा गोंधळ उडतो.

प्रश्नकर्ता

आपल्या दोघांचेही मनःपूर्वक आभार. जिन्याच्या बाजूने केबल टाकून सर्व जोडणी सांगितल्याप्रमाणे केली आणि वर आता उणे ५५ दिसते. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच ठेवले आहेत. परंतु खालून वर गेल्यावर फोन बराच वेळ खालच्या राउटरलाच धरून राहतो. यावर उपाय आहे का?

तिसरे उत्तर

कोणत्या अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडून राहायचे, हा निर्णय फोन स्वतः घेतो आणि खालचा सिग्नल कसाबसा मिळत असेपर्यंत तो सहसा जागा सोडत नाही. म्हणून अशा वेळी शक्ती वाढवायची नसून कमी करायची असते. खालच्या राउटरचा २.४ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणा आणि आकडे पुन्हा मोजा. तळमजल्यावरचा कोपरा उपाशी राहत नसेल, तर तीच पातळी कायम ठेवा.

त्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चॅनेल (पट्ट्याचा ठरावीक भाग) ‘ऑटो’वर न सोडता एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या व रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा, कारण हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतीतून अधिक क्षीण होतात. पण आता आपल्याकडे प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र उपकरण असल्यामुळे हाच दोष उपयोगी पडेल, कारण वर गेल्यावर खालचा ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल लवकर मावळतो आणि फोन वरच्याकडे वळण्याची शक्यता वाढते.

अँटेनांबाबत एक गोष्ट राहिली. दांडीसारखी अँटेना लहरी आडव्या दिशेने चहूकडे पसरवते, तिच्या टोकाच्या दिशेने मात्र फार थोड्या जातात. त्यामुळे वरच्या राउटरच्या अँटेना सरळ उभ्या ठेवल्या की तो मजला चांगला व्यापला जाईल आणि थेट खालच्या खोलीत त्याचा सिग्नल कमी उतरेल, जे आपल्याला हवेच आहे.