परमुलखात खिसा रिकामा झाला तेव्हा... (अनुभव धागा)

घारी (धागाकर्ती)

परदेशवारीचे फोटो आणि तिथल्या खादाडीचे धागे इथे ढिगाने आहेत. हा जरा वेगळा. पाकीट मारलं गेलं, कार्ड बंद पडलं, पगार बुडाला, विमानंच उडेनाशी झाली आणि परक्या देशात हातात दमडी उरली नाही, असं तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर ओढवलं असेल तर लिहा. दूतावासाचा पत्ता गुगल देतं, त्याच्या पुढचं हवंय. पहिलं दार कुणाचं ठोठावलं? तोंड उघडून नेमकं काय मागितलं? पैसे घेतले असतील तर परत कसे केले? दुसऱ्याकडे गेल्यावर भूक लागलेली असतानाही 'आत्ताच जेवून निघालो' म्हणणारी जात आपली. ती अनोळखी माणसापुढे हात कसा पसरते, याची मला खरी उत्सुकता आहे.

एकच विनंती. बँक, विमान कंपनी, टूरवाले यांची नावं नकोत, भांडणं लागतात. मदत करणाऱ्यांची खुशाल लिहा.

सुरुवात मी करते. ऑफिसच्या कामाला इटलीत गेले होते. मिलानच्या सेंट्रल स्टेशनात तिकिटाच्या मशीनसमोर उभी असताना खांद्यावरची पर्स गेली. पासपोर्ट, कार्डं, युरो, सगळं तिच्यात. फोन कोटाच्या खिशात होता म्हणून वाचला. स्टेशनातच पोलीस चौकी आहे, तिथे तक्रार नोंदवून कागद घेतला. मिलानमध्ये भारताचं वकिलातीचं कार्यालय आहे हे नशीब. तिथे समजलं की नव्या पासपोर्टला वेळ लागणार; लगेच परतायचं तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळेल. तो फक्त भारतात परतण्यापुरता एका फेरीचा कागद असतो. त्यासाठी पोलिसांचा कागद, फी आणि फोटो.

गंमत फोटोंची झाली. आपल्याला तेव्हा लागायचा दोन इंच बाय दोन इंच, चौकोनी. युरोपातली फोटोची यंत्रं काढून देतात पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा. त्यात माझ्याकडे यंत्रात टाकायला नाणंही नाही. वकिलातीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या एका पंजाबी मुलाने स्टेशनामागच्या एका बांगलादेशी दुकानाचा पत्ता दिला. बोळकांडीएवढं दुकान: फोन रिचार्ज, झेरॉक्स, पैसे पाठवणे, कोपऱ्यात तांदळाची पोती, आणि पांढरा पडदा लावून फोटो. 'इंडियन साइज?' त्याने मला बघताच विचारलं. फोटो काढले, पैसे राहू दे म्हणाला.

पण मोठी अडचण पुढेच होती. असं तडकाफडकी रोख पैसे मिळण्याची जी सोय आपल्याला माहीत असते, ती परदेशातून भारतात पैसे येण्यासाठी असते. पुण्याहून नवऱ्याला तसे पाठवता येईनात. नणंद न्यू जर्सीत, ती पाठवायला तयार झाली. पण पैसे घ्यायला ओळखपत्र दाखवावं लागतं आणि माझं ओळखपत्रच चोरीला गेलेलं! शेवटी नणंदेने पैसे त्या दुकानदाराच्या नावावर पाठवले. तीनशे युरो. त्याने माझ्यासमोर सही केली, नोटा मोजून माझ्या हातावर ठेवल्या आणि फोटोचेही पैसे घेतले नाहीत. नवरा फोनवर सारखा 'कोण माणूस आहे तो, कोण माणूस आहे' करत होता. मला तरी कुठे माहीत होतं?

लिहा आता.

खानापूरकर

नोटाबंदी परदेशात कुणाला भोवली हे विचाराल तर आमच्या आत्याला. नोव्हेंबर २०१६, गावातल्या बायकांचा जत्था, काठमांडू-पोखरा-मुक्तिनाथ. नेपाळात पाचशे-हजारच्या नोटा पंचवीस हजारांपर्यंत न्यायला २०१५ पासून परवानगी होती, त्यामुळे सगळ्यांनी त्याच नोटा पोलक्यात शिवून नेलेल्या. ८ तारखेला रात्री पशुपतिनाथाजवळच्या धर्मशाळेत टीव्हीवर भाषण लागलं. दुसऱ्या दिवशी नेपाळच्या बँकेनेही त्या नोटा घेणं थांबवलं. शंभराच्या नोटा चालत होत्या (शंभराला एकशेसाठ नेपाळी), पण त्या कुणाकडे किती असणार? सगळ्यांच्या मिळून देवाला वाहायला ठेवलेल्या तेवढ्याच.

आत्याला आठवलं, आपल्या भागातली गलाईवाली पोरं काठमांडूत आहेत. बाहेरच्यांसाठी सांगतो: सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा धंदा. खानापूर, आटपाडी, तासगाव तालुक्यांतली दुष्काळी गावं या धंद्यावर देशभर पसरली, काही नेपाळातही गेली. न्यू रोडला सोन्याची दुकानं आहेत तिथे आत्या गेली आणि पहिल्याच सराफाला हिंदीत म्हणाली, 'सोना गलानेवाला मराठी लडका किधर बैठता है?' पाचव्या मिनिटाला माणूस हजर. गाव विचारलं, आडनाव विचारलं, मामाचं गाव विचारलं. तिथे नातं लागलंच! त्याने सगळ्यांना पुरतील एवढे नेपाळी रुपये दिले आणि म्हणाला, 'विट्याला भावाकडं द्या.'

विट्याला त्याच्या भावाला द्यायला रोकड कुठे होती त्या महिन्यात! एटीएमसमोर रांगा. चेक दिला. भाऊ चेककडे बघून म्हणाला, 'आमच्याकडं येणारी पहिलीच बाई चेक घेऊन.'

निवांत

@खानापूरकर, मामाचं गाव विचारल्याशिवाय आपल्याकडे कर्जच मंजूर होत नाही 😄

हायडेलबर्गी

जर्मनीत शिकायला असलेल्यांनी हे नाव लक्षात ठेवा: बानहोफ्समिसिओन. मोठ्या रेल्वे स्टेशनांवर, साधारण शंभर ठिकाणी, यांची खोली असते. १८९४ साली बर्लिनला सुरू झालं, खेड्यातून शहरात कामाला येणाऱ्या मुलींना फसवणाऱ्यांपासून वाचवायला. आता प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक संस्था मिळून चालवतात. निळं जाकीट घातलेली माणसं, बरीचशी निवृत्त आजी-आजोबा. धर्म, व्हिसा, कागद, काही विचारत नाहीत.

मी हानोफरला रात्री उतरले तेव्हा पाकीट गायब होतं आणि फोन बंद पडलेला. पोलिसांनीच त्यांचा दरवाजा दाखवला. पैसे मिळतील अशी आशा मात्र धरू नका, ते सहसा देत नाहीत. आजींनी चहा दिला, पाव-चीज दिलं, फोन चार्जिंगला लावला आणि समोर बसून माझ्याबरोबर एक एक गोष्ट कागदावर लिहून काढली: आधी कार्ड बंद करणे (जर्मन कार्डांसाठी ११६ ११६ हा एकच नंबर), मग पोलिसांचा कागद, मग विद्यापीठाला मेल. त्या वेळी मला पैशांपेक्षा हेच हवं होतं, कारण डोकं पूर्ण बधिर झालेलं. सकाळी विभागातल्या मैत्रिणीने तिकीट काढून मेलवर पाठवलं, आजींनी प्रिंट काढून दिली. त्यावर पेनाने गाडी बदलायचे प्लॅटफॉर्म नंबर लिहिले होते.

आडवाटेचा

गुरुद्वारा. अजून कुणी लिहिलं कसं नाही?

बँकॉकला फाहुरात बाजारात सोन्याच्या घुमटाचा मोठा गुरुद्वारा आहे. डोकं झाकायचं, चपला काढायच्या, पंगतीत बसायचं. केनियात नैरोबीहून मोंबासाच्या रस्त्यावर मकिंडूला एक आहे, रेल्वे बांधायला गेलेल्या शीख कामगारांच्या वेळेपासूनचं ठिकाण. तिथे ट्रक ड्रायव्हरपासून गोऱ्या प्रवाशांपर्यंत कुणीही जेवतं, मुक्कामही करतं. आमची गाडी तिथे मेली आणि मेकॅनिकला द्यायला शिलिंग संपले. राहायला खोली, दोन वेळचं जेवण. निघताना आम्ही काही देऊ लागलो तर सेवादार म्हणाले, पेटीत टाका, मला नको. आणि आधी पेट्रोल किती आहे ते बघा!

एक सांगतो. तिथे जाऊन रडकथा ऐकवायची गरज नसते. आधी जेवा, मग थोडी भांडी घासा, मग बोला. भांडी घासताना शेजारी उभा असलेला माणूस हमखास स्थानिक व्यापारी निघतो.

बदलापूरचा

माझ्या वडिलांची गोष्ट. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या तेव्हा बाबा सालमियाला राहायचे, एका वर्कशॉपचे हिशेब लिहायचे. इथे परिस्थिती उलटी: त्यांच्याकडे पैसे होते. कुवेती दिनार, तोपर्यंत जगातल्या सगळ्यात महाग चलनांपैकी एक. एका रात्रीत तो देशाबाहेर कुणी घेईना. बाबांचं वाक्य ठरलेलं आहे: 'खिशात स्कूटरचे पैसे आणि पोटात काल दुपारचा खुबूस.'

इमारतीत खाली पॅलेस्टिनी कुटुंब होतं. त्यांनी बाबांचा फ्रिज, टीव्ही, पंखा घेतला आणि इराकी दिनार दिले. भाव पाडून घेतला असं आई म्हणते. बाबा म्हणतात, ते स्वतः कुठे जाणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना फ्रिज घेऊन काय करायचं होतं? या वादाचा निकाल आमच्या घरात लागलेला नाही. त्या पैशांत बसरा, बगदाद आणि पुढे जॉर्डनच्या सीमेपर्यंतची बस झाली. सीमेवर वाळवंटात तंबू, पाण्याच्या टँकरपुढे रांगा, विंचू. रांगेत एक मल्याळी फोरमन होता, तो पासपोर्ट गोळा करून गटागटाने याद्या बनवायचा. अधिकाऱ्यांना याद्या तयार मिळाल्या की काम पुढे सरकायचं. बाबांचं अक्षर चांगलं, म्हणून त्यांना त्याने बसवलं लिहायला. त्यामुळे फोरमनने आपल्या पाण्यातलं पाणी दिलं असं ते सांगतात.

अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या दोन महिन्यांत दीड लाखाहून जास्त भारतीय असे परतले. सहारला उतरल्यावर बाबांकडे बदलापूरच्या गाडीचंही तिकीट नव्हतं. टॅक्सीवाल्याने अंधेरीला सोडलं, पैसे घेतले नाहीत. एवढं मोठं सरकारी काम झालं, पण आमच्या घरात कौतुक अजून त्या टॅक्सीवाल्याचंच जास्त होतं.

शंकेखोर

सगळं छान, पण उलटी बाजूही लिहितो. माझ्या साहेबांच्या मेलवरून एकदा मला मेल आला: 'मनिलात आहे, बॅग चोरीला गेली, हॉटेलचं बिल भरायचंय, तातडीने पैसे पाठव.' साहेब त्या वेळी शेजारच्या केबिनमध्ये डबा खात होते. असा मेल किंवा मेसेज आला तर आधी फोन करा, आवाज ऐका, तोही ओळखीचा वाटला तरी घरातलंच काहीतरी विचारा. आणि युरोपातल्या स्टेशनांवर 'माझं पाकीट मारलं, तिकिटाला फक्त वीस युरो' म्हणणारे तेच तेच चेहरे मी कितीदा पाहिलेत. मी पैसे देत नाही. तिकीट काढून देतो म्हणतो. बहुतेक जण तिथूनच निघून जातात. एकदाच एक मोरोक्कन म्हातारा खरोखर तिकीट घेऊन गाडीत बसला.

बाराखडी

@शंकेखोर +१. पैशांऐवजी वस्तू मागणं हे मागणाऱ्यानेही करावं. 'मला मदत करा' म्हटलं की लोक बिचकतात. 'मला एक फोन लावू द्या' म्हटलं की बहुतेक लावू देतात.

जाता जाता कोरडी माहिती: २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानंतर नवीन कार्डांवर परदेशातला वापर मुळात बंदच असतो, तो ॲपवरून चालू करावा लागतो. आणि ऑनलाइन व्यवहाराचा ओटीपी सहसा येतो भारतातल्या नंबरवर. रोमिंग चालू नसेल तर कार्ड हातात असूनही असे व्यवहार अडू शकतात. निघण्यापूर्वी दोन्ही करा. दुसरं कार्ड दुसऱ्या बॅगेत.

खेडवाली

इथे सगळ्यांचं चोरीचं आणि सहलीचं आहे, माझ्या भावाचं नोकरीचं आहे. तो सौदीत, दम्मामला, एका बांधकाम कंपनीत होता. पगार आधी उशिरा, मग अर्धा, मग बंद. पासपोर्ट कंपनीकडे. कंपनीने इकामा (तिथे राहायचा परवाना) नूतनीकरण केला नाही, म्हणजे तो रस्त्यावर निघाला तरी पकडणार. आणि कफीलने (ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाने) सोडल्याशिवाय तेव्हा देश सोडायचा परवाना मिळत नव्हता. तिकिटाचे पैसे आम्ही खेडहून कसेही जमवले असते, पण तिकिटाने काय होणार होतं?

तोवर पोट भरलं ते मेसवाल्याच्या उधारीवर. मेस मालवणच्या माणसाची. भिंतीवर वही टांगलेली, त्यात नावापुढे फक्त उभ्या रेषा. पगार बंद झालेल्यांच्या पानांवर त्याने रेषा मारणंच थांबवलं होतं. जेवा, नंतर बघू.

वाट दाखवली ती एका मल्याळी समाजसेवकाने. आखातात असे लोक असतात, दिवसा स्वतःची नोकरी, संध्याकाळी लोकांची प्रकरणं. त्याने दूतावासात नाव नोंदवलं, मी इथून 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकली. २०१५ पासून आहे ते, परराष्ट्र खात्याचं. तक्रारीचा नंबर मिळतो, तो घेऊन पाठपुरावा करता येतो. मी रोज करायचे. कामगार कार्यालय, मग तरहील (परदेशी लोकांना मायदेशी परत पाठवणारं सरकारी केंद्र), मग बाहेर पडायचा शिक्का. थकलेला पगार बुडाला तो बुडालाच.

घारी (धागाकर्ती)

@खेडवाली, तिकीट शेवटी कुणी काढलं? आणि ते पैसे परत द्यावे लागतात का? खूप जणांना हे माहीत नसतं.

खेडवाली

दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, २००९ पासून. वकिलातीच्या वेगवेगळ्या कामांवर थोडंसं शुल्क घेतात, त्यातून तो उभा राहतो. खरंच ऐपत नसलेल्या, अडकलेल्या माणसाचं राहणं-खाणं, औषधपाणी, परतीचं तिकीट त्यातून करता येतं. पण ऐपत बघतात, आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. भावाचं तिकीट त्यातूनच निघालं, आमच्याकडे कुणी परत मागितलं नाही. मेसवाल्याचे मात्र त्याने घरी आल्यावर पहिल्या कामाच्या पैशांतून मालवणला त्याच्या बायकोकडे पोचवले. रेषा नव्हत्या, तर किती दिवस जेवलो ते स्वतःच मोजून.

आता तो मस्कतला आहे. मी आणि अब्बांनी नको म्हटलं होतं. करार मला वाचायला पाठवला, एजंटचा परवाना मी ई-मायग्रेटवर (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी पोर्टलवर) तपासला, मगच गेला. अम्मी त्यावरून माझ्याशी अजून नीट बोलत नाही, म्हणते तूच पाठवलंस.