जीआरबीचा (गॅमा-किरण स्फोटाचा) ईपीक (ज्या ऊर्जेला स्पेक्ट्रमचं शिखर येतं ती) घसरतच जातोय, माझं फिटिंग चुकतंय का?

अर्धवट_एमएस्सी: प्रोजेक्टसाठी जीआरबी 130427ए घेतलाय, फर्मी अवकाश दुर्बिणीवरच्या जीबीएम उपकरणाचा डेटा, फक्त पहिला अडीच सेकंदांचा पल्स. अख्ख्या पल्सला बँड फंक्शन (जीआरबीच्या स्पेक्ट्रमला लावतात तो नेहमीचा वक्र) लावलं तर बरं बसलं, मग सहज म्हणून बारीक तुकडे पाडले तर सुरुवातीला ईपीक पार वर आणि नंतर नुसता खाली खाली. पहिल्या तुकड्याचा एरर बार तर ग्राफमध्ये मावत नाहीये. तीन रात्री गेल्यात यात, कुणीतरी सांगा काय चुकतंय.

चकोर: काही चुकत नाहीये रे, हेच तर हार्ड-टू-सॉफ्ट, म्हणजे जास्त ऊर्जेकडून कमी ऊर्जेकडे. पूर्ण पल्सचा एकच स्पेक्ट्रम म्हणजे 50 ओव्हरचा सरासरी रनरेट, पॉवरप्लेत काय धुलाई झाली ते त्यात कसं दिसणार? पण सगळे जीआरबी असे वागत नाहीत हं, काहींत ईपीक ब्राइटनेसबरोबर वर-खाली होतो, गोलेनेत्स्कीच्या ग्रुपने 1983 मध्येच दाखवलं होतं. त्यात पल्स एकमेकांवर चढलेले असले की कुठला प्रकार ते ठरवताना घाम फुटतो. तुझा पल्स सुटा आहे, नशीबवान आहेस.

जुना_दुर्बीणवाला: स्फोटातून निघालेल्या जेटचं तोंड सपाट नसतं, गोल फुगलेलं असतं. कडेकडचा प्रकाश उशिरा पोचतो आणि त्याला डॉप्लर बूस्टही (आपल्याकडे येण्याच्या वेगामुळे मिळणारी ऊर्जेची वाढ) कमी, म्हणून उतरणीला स्पेक्ट्रम सॉफ्ट होतो. झालं.

अर्धवट_एमएस्सी: पण काका, माझ्याकडे तर लाइट कर्व्ह (वेळेनुसार ब्राइटनेस) अजून चढतोय तेव्हापासूनच ईपीक घसरतोय?

जुना_दुर्बीणवाला: हां, मग नुसत्या भूमितीवर भागणार नाही, घाई केली मी. जेटमधलं शेल पसरतं तसं चुंबकीय क्षेत्र कमी होतं, इलेक्ट्रॉनही सिंक्रोट्रॉनमध्ये (चुंबकीय क्षेत्रात फिरताना प्रकाश फेकत) ऊर्जा घालवत बसतात, ते धरावं लागेल. याच पल्सवर 2014 मध्ये पेपर आलाय आणि साधं सिंक्रोट्रॉन शॉक मॉडेल तिथेही सगळं एकदम जुळवू शकलं नाही, तेव्हा तू एकटा नाहीस.

चकोर: बाय द वे, बीजीओ डिटेक्टर (जीबीएममधले जास्त ऊर्जेचे) घेतलायस ना? सोडियम आयोडाइडवाले साधारण 1 एमईव्हीपर्यंतच (दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट) बघतात, तुझा ईपीक सुरुवातीला त्याच्याही वर आहे. आणि शेवटच्या तुकड्यांत फोटॉन कमी पडले आणि बीटा (बँडचा वरच्या ऊर्जेकडचा उतार) पकडता आला नाही तर बँडचा हट्ट सोड, कटऑफ पॉवर लॉ (वरच्या ऊर्जेला झपकन पडणारा साधा वक्र) लाव.

अर्धवट_एमएस्सी: …बीजीओची फाइल डाउनलोड करून ठेवलीये, फिटमध्ये घातलीच नव्हती 🤦 रात्री परत रन लावतो.